पंचवीस मिनिटांची कात्री: ‘डेड ऑफ नाइट’मधल्या फसलेल्या गोष्टीचं प्रकरण

‘डेड ऑफ नाइट’ हा ब्रिटिश भयपट १९४६ साली अमेरिकेत लागला तेव्हा त्यातल्या पाचपैकी दोन गोष्टी गायब होत्या. ब्रिटनमध्ये आदल्या वर्षी शंभर मिनिटांहून थोडा मोठा असलेला चित्रपट तिथे पोहोचेपर्यंत ७७ मिनिटांच्या आसपास आला होता. लांबी कमी करायची म्हणून कात्री लागली, आणि ती पडली गोल्फच्या गोष्टीवर आणि नाताळच्या पार्टीच्या गोष्टीवर. बाकीच्या तिघींच्या मानाने या दोन कमी भीतिदायक, त्यामुळे निवड कुणालाही पटेल अशी.

यातली एक गोष्ट, गोल्फची, खरोखरच फसलेली आहे. ती काढली तर चित्रपट सुधारायला हवा होता, पण तो लंगडा झाला. वाईट भाग कापूनही एकूण चित्रपट बिघडतो तेव्हा नेमकं काय चुकलेलं असतं, ते शोधायला या चित्रपटासारखं दुसरं प्रकरण नाही. शेवट फोडल्याशिवाय ते मांडता येणार नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा, ऐंशी वर्षांचा असला तरी तो अजून घाबरवतो.

घरातली मंडळी

ईलिंग स्टुडिओ, निर्माते मायकल बाल्कन, दिग्दर्शक चार: बेसिल डियर्डन, अल्बर्टो कॅव्हलकान्ती, रॉबर्ट हॅमर आणि चार्ल्स क्रायटन. वॉल्टर क्रेग नावाचा वास्तुविशारद केंट परगण्यातल्या एका जुन्या शेतघरात कामासाठी येतो. यजमान एलियट फोली त्याला आत नेतो, पाहुण्यांशी ओळख करून देतो, आणि क्रेगचा चेहरा उतरतो. ही सगळी माणसं त्याने आधी पाहिलेली आहेत, स्वप्नात, पुन्हा पुन्हा. पुढे काय होणार हेही त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काळ्याभोर केसांची एक बाई येईल आणि तिच्याकडे पैसे नसतील, असं तो सांगतो. थोड्या वेळाने ती येते, टॅक्सीचे पैसे मागत.

पाहुण्यांत डॉक्टर व्हॅन स्ट्राटेन नावाचे मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यांचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. क्रेगची बाजू घ्यायची म्हणून एकेक पाहुणा आपल्या आयुष्यात घडलेली विचित्र गोष्ट सांगतो आणि डॉक्टर तिचं बुद्धीला पटेल असं स्पष्टीकरण देऊ पाहतात.

बाकीच्या गोष्टींना बांधून ठेवणाऱ्या या बाहेरच्या गोष्टीचं, म्हणजे चौकटीचं, यंत्र इथे आहे. प्रत्येक गोष्ट म्हणजे एका वादातला पुरावा. गोष्ट संपली की खोलीतलं पारडं थोडं हलतं: क्रेगची भीती वाढते, डॉक्टरांची उत्तरं जरा अपुरी पडू लागतात. सांगणारा बहुतेक वेळा स्वतः भोगलेलं सांगतो, त्यामुळे ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं विचारायची सोय राहत नाही. वेताळपंचविशीत जे घडतं त्याच्या जवळपास जाणारी ही रचना आहे. तिथे गोष्ट संपल्यावर राजाला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर. गोष्टीची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते. ज्या चौकटीत ऐकणाऱ्याला काहीच मोजावं लागत नाही, ती नुसती शिवण.

चालणाऱ्या गोष्टी कशा चालतात

पहिली गोष्ट अगदी छोटी आहे. शर्यतीच्या मोटारी चालवणारा ह्यू अपघातानंतर रुग्णालयात असतो. रात्री पावणेदहाला खोलीतले आवाज अचानक थांबतात. तो पडदा सारतो तर बाहेर लख्ख दिवस, आणि घड्याळात सव्वाचार. खाली शववाहिका उभी. चालक वर बघून म्हणतो, ‘‘आत फक्त एकाचीच जागा आहे, साहेब.’’ पुढे बरा झाल्यावर तो बसथांब्यावर उभा असतो. वेळ तीच. बसचा वाहकही त्याच चेहऱ्याचा, आणि तेच वाक्य. ह्यू चढत नाही, आणि ती बस पुलावरून कोसळते. मूळ कथा ई. एफ. बेन्सनची, १९०६ सालची. चित्रपटाने ती झटपट उरकली आहे आणि तेच बरं केलं आहे. त्या एका वाक्यासाठीच ती आहे, आणि ते वाक्य शेवटी पुन्हा वापरायचं आहे.

दुसरी सॅलीची. नाताळची पार्टी, जुनं मोठं घर, मुलांचा लपंडाव. सॅली लपता लपता एका खोलीत पोहोचते आणि तिथे रडणारा लहान मुलगा भेटतो. बहिणीची भीती वाटते म्हणतो. ती त्याला समजावते, झोपवते, खाली येते, आणि मग कळतं की तो मुलगा फार पूर्वीच मारला गेलेला आहे. फ्रान्सिस केंट आणि त्याची बहीण कॉन्स्टन्स ही नावं खऱ्या गुन्ह्यातली आहेत. १८६० साली इंग्लंडमधल्या रोड गावच्या घरात लहानग्या फ्रान्सिसचा खून झाला आणि पाच वर्षांनी कॉन्स्टन्सने कबुली दिली. या गोष्टीत किंकाळी नाही, दचकवणं नाही. भुताला जवळ घेऊन झोपवलं, ही जाणीव मागाहून होते. कात्री हातात घेऊन बसलेल्या माणसाला ती मिळमिळीत वाटली असेल तर नवल नाही.

तिसरी आरशाची, रॉबर्ट हॅमरने केलेली. तिच्याजवळ जरा थांबायला हवं.

जोन आपल्या होणाऱ्या नवऱ्याला, पीटरला, जुना आरसा भेट देते. पीटर त्यात बघतो तर मागे त्याची खोली दिसत नाही. दुसरीच खोली दिसते, खांबांचा जुना पलंग, शेकोटीत जाळ. जोन शेजारी उभी असते, पण आरशात नसते. हॅमर इथे एक कंजूषपणा करतो. ती दुसरी खोली बराच वेळ फक्त पीटरला दिसते, आणि त्याच्यामागून आपल्याला. जोनला तिथे साधा आरसाच दिसतो. त्यामुळे पीटरचं डोकं फिरलंय की आरसा बाधलेला आहे, हा प्रश्न लोंबकळत राहतो, आणि डॉक्टरांच्या बाजूलाही जागा उरते. मग जोन आरसा जिथून घेतला त्या दुकानदाराकडून त्याचा इतिहास ऐकते. घोड्यावरून पडून अधू झालेला जुना मालक, त्याचा संशय, बायकोचा गळा दाबणं, आणि मग याच आरशासमोर स्वतःचा गळा चिरणं. ती घरी परतते. पीटर तिचा गळा आवळू लागतो, आणि त्या झटापटीत पहिल्यांदाच जोनला आरशात ती खोली दिसते. इतका वेळ राखून ठेवलेला एक दृष्टिकोन योग्य क्षणी खर्च केला, बस्स. आरसा फोडल्यावर सगळं थांबतं, पण आपल्याला साक्षीदार मिळालेला असतो, आणि तो डॉक्टरांच्या समोर बसलेला असतो.

पाचवी गोष्ट शब्दभ्रमकाराची. मॅक्सवेल फ्रियर (मायकल रेडग्रेव्ह) आणि त्याचा बाहुला ह्यूगो. बाहुला मालकाला सोडून दुसऱ्या शब्दभ्रमकाराकडे, सिल्व्हेस्टर की याच्याकडे, जायची भाषा करतो. बोलतो कोण, बाहुला की माणूस, हे शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही. ही गोष्ट सांगतात खुद्द डॉक्टर, आणि सांगतात ती कीच्या जबानीच्या आधाराने. सगळ्यांना खोडून काढणाऱ्या माणसाच्या पोतडीत सगळ्यात न उलगडणारं प्रकरण. चौकटीचा डाव इथे पूर्ण होतो.

आणि मध्ये गोल्फ

आरसा आणि बाहुला यांच्या मधोमध चौथी गोष्ट येते. पॅरट आणि पॉटर हे दोन गोल्फवेडे मित्र एकाच मुलीच्या, मेरीच्या, प्रेमात पडतात. अठरा होलचा डाव खेळून निकाल लावायचं ठरतं. पॅरट लबाडी करून जिंकतो, पॉटर शांतपणे तळ्यात चालत जातो आणि बुडतो. मग भूत होऊन परत येतो, लबाडीचा जाब विचारतो, पण परत जाताना अदृश्य व्हायला लागणाऱ्या हाताच्या खुणाच विसरतो. शेवटी खुणा करता करता पॅरटच नाहीसा होतो आणि लग्नाच्या रात्री मेरीकडे जातो तो पॉटर.

लोक म्हणतात, ही गोष्ट विनोदी आहे म्हणून भयपटात बसत नाही. मला हे पटत नाही. भयाच्या मध्ये हसू येणं ही जुनी आणि उपयोगी युक्ती आहे. शिवाय जागा हिशेबाने निवडलेली आहे. आरशाच्या गोष्टीत एक माणूस दुसऱ्याच्या ताब्यात जातो, बाहुल्याच्या गोष्टीतही तेच. दोन्ही लागोपाठ आल्या तर दुसरी पहिलीची नक्कल वाटेल. मध्ये श्वास घ्यायला काहीतरी हवंच होतं.

बिघाड दुसरीकडे आहे. ही गोष्ट यजमान फोली सांगतो, वातावरण हलकं करायला, मित्रांचा किस्सा म्हणून. त्यात असे प्रसंग आहेत की जिथे सांगणारा नव्हताच. पॅरट नाहीसा होताना बघायला पॉटरच्या भुताशिवाय कोण होतं? इतर गोष्टींत हा प्रश्न उठत नाही, कारण साक्षीदार समोर बसलेला असतो, नाहीतर कागद असतो. इथे साक्षीदार नाही, म्हणजे पुरावा नाही, म्हणजे वाद पुढे सरकत नाही. डॉक्टरांनी काही स्पष्टीकरण द्यावं अशी त्या गोष्टीची मागणीच नाही. क्रेगच्या भीतीत भर पडत नाही. गोष्ट संपते आणि खोली जिथे होती तिथेच असते. आरशाने चढवलेला ताण उतरतो, आणि बाहुल्याला तो पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागतो. रेडग्रेव्ह चढवतो, हे त्याचं कौतुक.

अशा चित्रपटांबद्दल बोलताना आपण नेहमी ‘तिसरी गोष्ट चांगली, दुसरी कंटाळवाणी’ अशी गुणपत्रिका भरतो. मीही वर्षानुवर्षं भरली. पण गोल्फच्या गोष्टीला सुटी गोष्ट म्हणून तपासलं तर ती तशी सुसह्य आहे, बेसिल रॅडफोर्ड आणि नॉन्टन वेन यांची जोडी मजेदार आहे. ती नापास होते ती घराच्या परीक्षेत.

कात्रीने काय केलं

आता शेवट. बाहुल्याची गोष्ट संपते. डॉक्टरांचा चष्मा क्रेगने आधी सांगितल्याप्रमाणे फुटलेला असतो. क्रेग आणि डॉक्टर दोघेच उरतात आणि क्रेग त्यांचा गळा आवळतो. मग एक दुःस्वप्न सुरू होतं. क्रेग इतरांच्या गोष्टींत धावत सुटतो. सॅलीच्या पार्टीतल्या मुलांमध्ये लपायला जातो, बाहुल्याच्या नाइटक्लबात सापडतो, शेवटी कोठडीत ढकलला जातो. कोठडीच्या दाराशी पुन्हा तेच वाक्य: आत फक्त एकाचीच जागा आहे. आणि आत ह्यूगो उठून चालू लागतो.

इतका वेळ स्वतंत्र वाटणाऱ्या गोष्टी इथे एकमेकींत मिसळतात. एकाची भीती दुसऱ्याच्या घरात शिरते. पण मिसळायला आधी त्या पाहिलेल्या हव्यात. अमेरिकी प्रेक्षकाने नाताळची पार्टी पाहिलेलीच नव्हती. क्रेग अचानक कुठल्या मुलांत शिरला, सॅली इथे काय करतेय, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. दुःस्वप्नात गोंधळ असणं आणि प्रेक्षकाचा गोंधळ होणं यांत फरक आहे. पहिल्यात आपण ओळखीच्या वस्तू भलत्या जागी बघतो, दुसऱ्यात वस्तूच अनोळखी असतात.

म्हणजे कात्रीने दोन वेगळ्या गोष्टींना एकच रोग ठरवला. दोन्ही ‘कमी भीतिदायक’ म्हणून काढल्या. सॅलीच्या गोष्टीवर शेवट उभा होता, ती गेली आणि शेवट खचला. गोल्फवर शेवटाचं फारसं अडत नव्हतं, पण ती गेली आणि आरसा बाहुल्याला जाऊन चिकटला.

अशी कापाकापी या प्रकारच्या चित्रपटांच्या पाचवीला पुजलेली आहे. गोष्टी सुट्या दिसतात, तेव्हा कुणालाही वाटतं की एखादी उचलली तर काय बिघडलं. मासाकी कोबायाशीच्या ‘क्वाइदान’मधली (१९६४) हिमस्त्रीची गोष्ट अमेरिकेतल्या प्रदर्शनात गाळली गेली. मारिओ बाव्हाच्या ‘ब्लॅक सॅबथ’च्या (१९६३) तीन गोष्टींचा क्रम तिथे बदलला, आणि टेलिफोनची गोष्ट, जी मुळात माणसांच्या सूडाची होती, तिच्यात भूत घुसवलं गेलं. क्रम बदलला की प्रत्येक गोष्टीचा शेजार बदलतो, आणि शेजार बदलला की गोष्टच बदलते.

उलट बाजूनेही फसगत होते. अमिकस या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या मिल्टन सुबॉट्स्कीला ‘डेड ऑफ नाइट’ अतिशय आवडत असे. त्या प्रेमातून १९६५ पासून त्याने भयगोष्टींच्या माळांची माळच लावली. त्याने चौकट घेतली, पण तिच्यातला वाद घेतला नाही. परक्या माणसांचा घोळका, एक गूढ इसम, आणि शेवटी कळतं की सगळे आधीच मेलेले आहेत. पहिल्यांदा धक्का बसला. नंतर प्रेक्षक पहिल्याच दृश्यात मयतांची मोजदाद करून मोकळे होऊ लागले. अलीकडच्या ‘व्ही/एच/एस’मध्ये (२०१२) तर चौकटीतले घरफोडे शेवटच्या चित्रफितीच्या आधीच संपतात, आणि ती फीत बघायला चित्रपटात कुणी उरतच नाही. गोष्ट चांगली आहे, पण ती कुणाच्या अंगावर येते?

दुरुस्ती मुळातच होती

गोल्फची गोष्ट एच. जी. वेल्सच्या १९०२ सालच्या कथेवरून घेतलेली आहे. वेल्सकडे गोल्फचा डाव नाही आणि मेरीही नाही. क्लबात मित्र बसलेले असतात आणि क्लेटन नावाचा माणूस त्यांना हसत हसत एक किस्सा सांगतो. आदल्या रात्री त्याला एक नवखं, रडकं भूत भेटलं. त्याला परत जायच्या हाताच्या खुणा नीट जमत नव्हत्या, मग क्लेटनने त्याला धीर दिला आणि ते भूत गेलं. मित्र थट्टा करतात. क्लेटन त्या खुणा करून दाखवतो. एक मित्र, जो फ्रीमेसन या गुप्त खुणा पाळणाऱ्या संघटनेतला आहे, म्हणतो की यात एक खूण राहिली आहे, आणि ती सांगतो. क्लेटन सगळ्या खुणा पुन्हा करतो, शेवटच्या खुणेसकट. आणि सगळ्यांदेखत मरून पडतो.

हे वाचलं तेव्हा मी चित्रपट पुन्हा लावून बसलो. चित्रपटाने वेल्सकडून भुताचा वेंधळेपणा आणि हाताच्या खुणा घेतल्या आणि नेमकी ती गोष्ट सोडली जिच्यामुळे किस्सा बैठकीत शिरतो. वेल्सची कथाही विनोदीच आहे, शेवटच्या परिच्छेदापर्यंत. पण तिच्यात ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत काहीतरी घडतं. चौकटीला जे हवं होतं ते मूळ कथेत तयार होतं, आणि रूपांतर करताना तेच बाहेर राहिलं. गोल्फ, प्रेमाचा त्रिकोण, लग्नाची रात्र ही सगळी भर त्या रिकाम्या जागेवर घातलेली आहे.

मग फोलीला खोलीतच मारायचं का? ते जमणार नाही. दिवाणखान्यात यजमानाचं प्रेत पडलं तर डॉक्टर बाहुल्याची गोष्ट सांगत बसणार नाहीत, पोलिसांना बोलावतील. मी माझ्यापुरती एक छोटी दुरुस्ती करून पाहिली आहे. गोल्फ राहू दे, रॅडफोर्ड आणि वेनही राहू देत. फक्त फोलीने किस्सा सांगून झाल्यावर हसत हसत त्या खुणा करून दाखवाव्यात. पहिली, दुसरी, तिसरी. क्रेगने एकदम ‘‘पुरे!’’ म्हणावं, कारण त्याला पुढचं आठवतंय. फोलीने खांदे उडवून हात खाली घ्यावेत. एक खूण बाकी. डॉक्टरांनी यावर काही बोलू नये, फक्त क्रेगकडे पाहावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि मग दुःस्वप्नात, मुलांच्या घोळक्यातून पळताना, क्रेगला कोपऱ्यात उभा असलेला फोली दिसावा. शांतपणे हात उचलून शेवटची खूण करणारा. आणि मग तिथे कुणीच नसावं.

चित्रपटाचा खरा शेवट तुम्हाला माहीत असेल. क्रेग आपल्या घरी, अंथरुणात जागा होतो. सगळं स्वप्न होतं. फोन वाजतो. कुणीतरी त्याला गावाकडच्या घरी बोलावतं आहे, बायको म्हणते जाऊन या, बरं वाटेल. तो गाडी घेऊन निघतो आणि पहिलंच दृश्य पुन्हा सुरू होतं. या गोल रचनेने तिघा शास्त्रज्ञांना विश्वाला आरंभच नाही असं सुचवलं म्हणतात. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी हा चित्रपट पाहिला होता आणि स्थिर अवस्थेचा सिद्धान्त १९४८ साली मांडला. गोष्टींची माळ अशी जोडली जावी की ती कुठून सुरू झाली हेच सांगता येऊ नये, यापेक्षा मोठी शाबासकी कुठल्या चौकटकथेला मिळालेली मला माहीत नाही.

पण फोनवर असतो कोण? एलियट फोली. आज तो प्रसंग पाहताना तो एका सज्जन यजमानाचा आवाज आहे, जरासा घाईतला, घराच्या दुरुस्तीबद्दल बोलणारा. ती एक खूण आधी बाकी ठेवली असती तर तो आवाज ऐकताना आपण रिसीव्हरकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.